गेम ६० फ्रेमवर, ग्राफिक्स कार्ड ३० टक्क्यांवर... कार्ड खराब आहे की निवांत आहे?

समजा, बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरला राहणारा एक पोरगा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं पैसे साठवले, दिवाळीला मामानं थोडी भर घातली आणि शेवटी घरात गेमिंग पीसी आला. आईनं हळदकुंकू वाहिलं, वडिलांनी "आता अभ्यास पण कर याच्यावर" असं सांगून टाकलं.

रात्री साडेअकराला त्यानं गेम लावला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसत होते. एफपीएस ६०. जीपीयू वापर ३० टक्के.

पोरगा हादरला. कारण आजपर्यंत पाहिलेल्या प्रत्येक रीलमध्ये एकच गोष्ट सांगितलेली. कार्ड ९९ टक्के चाललं पाहिजे, त्याच्या खाली असेल तर काहीतरी गडबड आहे. त्यानं स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत निकाल लागला. एक म्हणाला बॉटलनेक आहे, प्रोसेसर बदल. दुसरा म्हणाला पॉवर सप्लाय कमी पडतोय. तिसऱ्यानं तर थेट सांगितलं, "भावा, जुनं कार्ड नवीन म्हणून चिकटवलंय तुला."

आता सकाळी हा पोरगा दुकानात भांडायला निघणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे अजून पंधरा-वीस हजार टाकून नवा प्रोसेसर घेणार.

तर आधी थांबा. कारण वरच्या स्क्रीनशॉटमध्ये खरं उत्तर पहिल्याच आकड्यात आहे. ते ६० आहेत ना, बरोबर साठ, ना ५८ ना ६३, तिथंच सगळा विषय आहे.

पोळी-भाजी केंद्रात जाऊन येऊ

पुण्यात कुठल्याही उपनगरात असतं तसं एक पोळी-भाजी केंद्र डोळ्यासमोर आणा. आत दोघीजणी काम करतायत. मावशी पोळ्या लाटतात, काकू तव्यावर भाजतात. बाहेर काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे.

मावशी म्हणजे तुमचा प्रोसेसर. गेममध्ये कोण कुठं पळतंय, गोळी कुणाला लागली, पुढच्या चित्रात काय काय दाखवायचं, ही सगळी तयारी तो करतो. काकू आणि त्यांचा तवा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. तयार झालेली लाटी घ्यायची आणि प्रत्यक्ष चित्र भाजून काढायचं. एक पोळी म्हणजे एक फ्रेम. आणि काउंटर म्हणजे तुमचा मॉनिटर.

काकूंना एक पोळी भाजायला २० सेकंद लागतात. म्हणजे जोर लावला तर मिनिटाला तीन पोळ्या. तेव्हा तवा एक क्षणही रिकामा राहत नाही. तव्याचा वापर १०० टक्के.

आता मालक येऊन सांगतो, "मिनिटाला एकच पोळी द्या, गिऱ्हाईक तेवढंच आहे." काकू २० सेकंदांत पोळी भाजतात आणि उरलेले ४० सेकंद थांबतात. कुणी त्या मिनिटात तवा किती वेळ गुंतला होता हे मोजलं, तर उत्तर येईल ३३ टक्के.

तवा बिघडला का? नाही. काकू कामचुकार आहेत का? अजिबात नाही. मालकानं मागितलंच तेवढं.

फ्रेम रेटची मर्यादा म्हणजे हा मालकाचा हुकूम. "सेकंदाला ६० च फ्रेम." कार्ड त्या ६० फ्रेम भराभर बनवतं आणि पुढच्या फ्रेमची वेळ येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतं.

आता हाच हिशेब आकड्यांत

सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर फक्त ६.९ मिलिसेकंद. ३० फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद.

धरून चला की आपल्या पोराचं कार्ड त्या गेममधली एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत बनवतं.

मर्यादा नसेल तर ते सेकंदाला २०० फ्रेम काढेल आणि वापर १०० टक्क्यांच्या आसपास दिसेल. मर्यादा ६० ची लावली की १६.७ पैकी ५ मिलिसेकंद काम आणि बाकी आराम. ५ भागिले १६.७, म्हणजे ३० टक्के.

सापडला ना स्क्रीनशॉटमधला आकडा?

बरं, हे टक्के नक्की कशाचे असतात, हेही एकदा स्पष्ट करून घेऊ. कारण गैरसमजाचं मूळ तिथंच आहे. आपल्याला वाटतं ३० टक्के म्हणजे कार्डाच्या ताकदीपैकी ३० टक्के ताकद वापरात आली. तसं नाहीये. एनव्हिडियाचं स्वतःचं मोजमाप करणारं साधन आहे, एनव्हिडिया-एसएमआय. त्यात जीपीयू वापराचा अर्थ असा दिलाय की, मोजणीच्या काळात कार्डावर किमान एक तरी काम किती टक्के वेळ चालू होतं. आणि मोजणीचा हा काळ कार्डानुसार एक सेकंद ते एक षष्ठांश सेकंद इतका असतो.

म्हणजे तो आकडा वेळेचा आहे, जोराचा नाही. तव्यावर घडीची मोठी पोळी टाकली काय आणि छोटीशी पुरीएवढी टाकली काय, हिशेबात तवा "गुंतलेला" असाच धरला जातो.

खरी गंमत इथं आहे: आच मंद केली तर?

इथवर गोष्ट सोपी होती. पण मग काहीजण म्हणतात, "मी पण ६० ची मर्यादा लावलीय, माझा गेमही हलका आहे, तरी माझ्याकडं वापर ६०-७० टक्के दिसतो. मग माझं कार्ड याच्यापेक्षा कमजोर का?"

परत केंद्रात जाऊ. मिनिटाला एकच पोळी द्यायचीय हे कळल्यावर काकू विचार करतात की इतकी आच कशाला हवी? गॅस उगाच जळतोय. त्या आच मंद करतात. आता पोळी भाजायला २० ऐवजी ४० सेकंद लागतात. मिनिटाला पोळी तरीही एकच मिळते, गिऱ्हाईकाला काहीच फरक नाही. पण तवा आता मिनिटातले ४० सेकंद गुंतलेला आहे. वापर ३३ वरून ६७ टक्के झाला.

काम तेवढंच. गॅस कमी जळला. आणि वापराचा आकडा मात्र दुप्पट.

आजची ग्राफिक्स कार्डं हेच करतात. काम कमी आहे असं दिसलं की ती आपला क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, स्वतःहून खाली आणतात. आपल्या उदाहरणातलं कार्ड पूर्ण वेगात २,५०० मेगाहर्ट्झवर चालत होतं आणि मर्यादेमुळं ते १,२५० वर उतरलं, तर ५ मिलिसेकंदांची फ्रेम साधारण १० मिलिसेकंदांत होईल. १० भागिले १६.७, म्हणजे ६० टक्के. (प्रत्यक्षात हिशेब इतका काटेकोर दुप्पट येत नाही, कारण कार्डावरच्या मेमरीचा वेग वेगळा असतो. पण दिशा हीच.)

फरक एवढाच की मंद आचेवर पोळी वातड होते, कार्डावरची फ्रेम होत नाही. चित्र तेच आणि तसंच दिसतं.

म्हणून दोन मित्रांनी आपापल्या कार्डांचे टक्के समोरासमोर ठेवून भांडणं हा निव्वळ टाईमपास आहे. एकाचा ३० टक्के २,५०० मेगाहर्ट्झवरचा असेल, दुसऱ्याचा ६० टक्के १,२५० वरचा. दोघं एकच काम करतायत. टक्क्याच्या शेजारी क्लॉक आणि वॉट हे दोन आकडे नसतील, तर त्या टक्क्याला फारसा अर्थ नाही.

तवा रिकामा आहे, पण दोष मावशींचा असेल तर?

आता बॉटलनेकवाल्या मित्राकडं येऊ. तो पूर्ण चुकीचा नाही. कार्डाचा वापर कमी दिसण्याचं दुसरं कारण खरोखर प्रोसेसर असू शकतो.

समजा मालकानं काहीच मर्यादा घातलेली नाही. काकू २० सेकंदांत पोळी भाजतात, पण मावशींना एक लाटायला ४० सेकंद लागतात. मग काकू निम्मा वेळ पुढच्या लाटीची वाट बघत उभ्या. तव्याचा वापर ५० टक्के. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा चित्र सारखंच दिसतं, तवा रिकामा.

मग ओळखायचं कसं?

एक, एफपीएसचा आकडा बघा. मर्यादा असेल तर तो एका ठरावीक संख्येला खिळून बसतो. ३०, ६०, १२०, १४४ अशी. प्रोसेसर कमी पडत असेल तर तो नाचतो. मोकळ्या जागेत ११०, बाजारात गर्दीत शिरलात की ७०, परत ९५.

दोन, गेमचं रिझोल्युशन कमी करून बघा. त्यामुळं भाजायचं काम हलकं होतं, लाटायचं काम तसंच राहतं. एवढं करूनही एफपीएस वाढला नाही आणि मर्यादाही कुठली लावलेली नाही, तर अडचण मावशींकडं आहे.

तीन, प्रोसेसरचा एकूण वापर बघून निर्णय देऊ नका. १६ थ्रेडचा प्रोसेसर असेल आणि गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर अडकलं असेल, तर त्या एका थ्रेडचा वाटा एकूण आकड्यात जेमतेम ६ टक्के असतो. "माझा प्रोसेसर तर ३० टक्केच चालतोय" असं म्हणणाऱ्याचाही प्रोसेसर अडलेला असू शकतो.

एक तिसरी भानगड, व्ही-सिंकची

कधी कधी असं होतं की एफपीएस बरोबर ३० वर खिळलाय, कार्ड ५४ टक्क्यांवर आहे, आणि तुम्ही तर ३० ची मर्यादा लावलेलीच नाही. हा प्रकार बहुतेकदा व्ही-सिंकचा असतो.

व्ही-सिंक म्हणजे मॉनिटरच्या ठेक्यावर फ्रेम देणं. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी घंटा वाजवतो, तयार फ्रेम त्या घंटेलाच काउंटरवर जाते. आता कार्डाला फ्रेम बनवायला १८ मिलिसेकंद लागले तर? पहिली घंटा थोडक्यात हुकली. फ्रेम तयार आहे, पण ती ३३.३ मिलिसेकंदांच्या दुसऱ्या घंटेपर्यंत थांबणार. साध्या, दोन बफरच्या व्ही-सिंकमध्ये तोवर कार्डही पुढचं काम सुरू करू शकत नाही. १८ भागिले ३३.३, म्हणजे ५४ टक्के. आणि एफपीएस ३०.

स्वारगेटची बस एका मिनिटानं चुकली की पुढची येईपर्यंत स्टॉपवर उभं राहावं लागतं, तसंच हे. इथं मात्र कार्ड निवांत नाही, ते कमी पडतंय. ग्राफिक्सचं एखादं सेटिंग एक पायरी खाली आणलं की १८ चे १५ मिलिसेकंद होतात आणि एफपीएस ३० वरून एकदम ६० वर उडी मारतो.

पण मी तर कुठलीच मर्यादा लावली नव्हती!

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. खरी गोष्ट अशी की मर्यादा लावणारे बरेचजण असतात, आणि ते सगळे तुम्हाला विचारून लावतात असं नाही.

गेम स्वतः. २०२२ मध्ये आलेला एल्डन रिंग घ्या. पीसीवरही हा गेम ६० फ्रेमच्या वर जात नाही, तो तसाच बनवलाय. कितीही महागडं कार्ड लावलं तरी ते तिथं आरामच करणार.

व्ही-सिंक. बऱ्याच गेममध्ये आधीपासून चालू असतं.

ग्राफिक्स ड्रायव्हर. एनव्हिडियानं जानेवारी २०२० मध्ये ड्रायव्हरमध्येच कमाल फ्रेम रेट ठरवायची सोय दिली. एएमडीकडं अशी सोय २०१५ पासून होती, आणि २०१६ मध्ये आलेलं रेडिऑन चिल तर तुम्ही माऊस-कीबोर्ड हलवत नसाल तेव्हा फ्रेम आपोआप कमी करतं.

रिव्हाट्यूनर. एमएसआय आफ्टरबर्नरसोबत येणारं हे सॉफ्टवेअर आकडे दाखवतं आणि मर्यादाही लावतं. कधीतरी गंमत म्हणून लावलेली मर्यादा सहा महिन्यांनी विसरलेली असते.

लॅपटॉपची बॅटरी. एनव्हिडियानं २०१४ मध्ये लॅपटॉपसाठी बॅटरी बूस्ट आणलं. चार्जर काढला की गेमच्या फ्रेमवर मर्यादा येते, म्हणजे बॅटरी जास्त वेळ पुरते. कॉलेजच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडून "घरी तर मस्त चालत होता" म्हणणाऱ्यांनी आधी चार्जर लावून बघावा.

आणि विंडोज. ही सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट आहे. खास पैसे मोजून १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणला, जोडला आणि विंडोजमध्ये तो ६० हर्ट्झवरच राहिला. वर व्ही-सिंक चालू. मग वर्षभर गेम ६० वर खेळला जातो आणि कार्डावर संशय घेतला जातो. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदलला की काम होतं. खर्च शून्य रुपये.

मोबाईलवर गेम खेळणाऱ्यांनाही हेच लागू आहे. सेटिंगमध्ये ३०, ६०, ९० असे जे पर्याय दिसतात, त्या याच मर्यादा आहेत. आणि उन्हाळ्यात फोन तापला की फोन स्वतःच वेग खाली आणतो.

बघायला गेलं की आकडाच बदलतो

अजून एक सापळा आहे, त्यात भलेभले अडकतात.

गेम चालू असताना तुम्ही टास्क मॅनेजर बघायला बाहेर आलात. त्या क्षणी गेम मागं गेला. अनेक गेम मागं गेले की फ्रेम एकदम कमी करतात, ड्रायव्हरमध्येही मागं गेलेल्या गेमसाठी वेगळी मर्यादा लावता येते. तुम्हाला दिसतं, वापर १२ टक्के! तुम्ही घाबरून परत गेममध्ये जाता, तो लगेच पूर्ववत होतो. म्हणजे पाहुणे आले की शहाण्यासारखं बसणाऱ्या पोरासारखं आहे हे. म्हणून आकडे बघायचे तर गेमच्या वर कोपऱ्यात दिसणाऱ्या ओव्हरलेमध्ये बघा, बाहेर येऊन नको.

टास्क मॅनेजरची अजून एक गंमत. त्यात जीपीयूचा आलेख २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून दिसायला लागला. कार्डात थ्रीडी, कॉपी, व्हिडिओ डीकोड असे वेगवेगळे विभाग असतात. टास्क मॅनेजर त्या सगळ्यांची बेरीज दाखवत नाही, जो विभाग सगळ्यात जास्त कामात आहे त्याचा आकडा दाखवतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा आकडा दिसला, तर दोन्हीपैकी कुणी खोटं बोलतंय असं नाही, दोघांची मोजायची पद्धत वेगळी आहे. आणि लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दोन जीपीयू असतात, शून्य आणि एक. गेम एकवर चालू आणि आपण शून्याकडं बघून काळजीत, असंही होतं.

मर्यादा नसली की काय होतं?

दोन गाजलेले किस्से आहेत.

जुलै २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आला. त्याच्या काही स्क्रीनवर, मेनूसारख्या, फ्रेमवर मर्यादाच नव्हती. मेनू म्हणजे अगदी हलकं चित्र, त्यामुळं कार्ड बेफाम फ्रेम काढत सुटलं. लोकांनी कार्ड तापल्याच्या तक्रारी केल्या. ब्लिझार्डनं सांगितलेला उपाय होता सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी टाकायचा. खेळताना ६० आणि मेनूमध्ये ३० फ्रेमची मर्यादा. कार्ड बदलायचं नाही, पंखा वाढवायचा नाही, फक्त मर्यादा.

दुसरा किस्सा जुलै २०२१ चा. ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमची चाचणी आवृत्ती सुरू झाली आणि काही लोकांची आरटीएक्स ३०९० कार्डं चक्क बंद पडली. ॲमेझॉननं लगेच मेनूवर फ्रेमची मर्यादा लावली. पुढं सप्टेंबरमध्ये इव्हीजीए कंपनीनं सांगितलं की त्यांच्याकडं परत आलेल्या सुमारे दोन डझन कार्डांमध्ये मॉस्फेटजवळचं सोल्डरिंग सदोष होतं. म्हणजे दोष कार्डातच होता, धड असलेलं कार्ड गेमच्या मेनूनं मरत नाही. पण मोकाट फ्रेमनं तो दोष उघडा पाडला.

३० टक्के ही चांगली बातमी का असू शकते

आता घरच्या हिशेबाकडं येऊ.

आरटीएक्स ४०७० सारख्या कार्डाची अधिकृत मर्यादा २०० वॉटची आहे. समजा फ्रेमवर मर्यादा लावून ते गेममध्ये १०० वॉटवर आलं. रोज चार तास खेळलं तर महिन्याला १२ युनिट वाचले. दिसायला थोडे, पण महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं. ० ते १००, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००. तुमचं घर ३०० च्या उंबरठ्यावर असेल, तर हे वरचे १२ युनिट पुढच्या टप्प्याच्या महाग दरानं लागतात.

आणि कार्डानं खाल्लेली वीज शेवटी जाते कुठं? खोलीत, उष्णता होऊन. वाचलेले १०० वॉट म्हणजे खोलीतला जुना १०० वॉटचा बल्ब बंद करण्यासारखं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली राहणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको.

मर्यादेचा एवढा फायदा का होतो? चिप जास्त वेगात पळवायची तर तिला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे शेवटच्या थोड्याशा फ्रेमसाठी कार्ड सगळ्यात जास्त वीज पितं. त्या फ्रेम तुमचा मॉनिटर दाखवूच शकत नसेल, तर त्या भाजून टाकून देण्यासारखं आहे.

शेवटचा फायदा खेळणाऱ्यांसाठी. कार्ड ९९ टक्क्यांवर असतं तेव्हा प्रोसेसरनं तयार केलेल्या फ्रेम त्याच्या दारात रांग लावून उभ्या राहतात. तुम्ही माऊस आत्ता हलवला, पण तो परिणाम रांगेतल्या जुन्या फ्रेम संपल्यावर दिसणार. मर्यादा कार्डाच्या कुवतीच्या थोडी खाली लावली की ही रांग लागत नाही आणि हात जास्त चपळ वाटतो. म्हणूनच व्हेरिएबल रिफ्रेशवाला १४४ हर्ट्झचा मॉनिटर असलेले अनेकजण मुद्दाम १४१ च्या आसपास मर्यादा लावतात.

दुकानात जायच्या आधी पाच मिनिटं

१. केबल बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लागलीय की चुकून मदरबोर्डच्या पोर्टमध्ये?

२. विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट बघा.

३. गेममधलं व्ही-सिंक आणि फ्रेम मर्यादा बंद करा. ड्रायव्हर आणि रिव्हाट्यूनरमधलीही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा.

४. ओव्हरलेमध्ये पाच आकडे चालू करा. एफपीएस, जीपीयू वापर, जीपीयू क्लॉक, वॉट आणि तापमान.

५. मर्यादा नसलेल्या एखाद्या जड गेममध्ये ग्राफिक्स सेटिंग सगळ्यात वर नेऊन दहा मिनिटं खेळा.

आता वापर ९५ च्या वर गेला, वॉट कार्डाच्या अधिकृत मर्यादेच्या आसपास पोचले आणि एफपीएस त्याच कार्डाच्या, त्याच गेमच्या, त्याच सेटिंगच्या चाचण्यांशी जुळला, तर कार्ड ठणठणीत आहे. सगळ्या मर्यादा परत लावा आणि झोपा.

वापर ९९ आहे, पण क्लॉक आणि वॉट फारच खाली अडकलेत आणि एफपीएस इतरांच्या निम्मा, तर मात्र शंकेला जागा आहे. तापमान खूप चढलंय का, पॉवरच्या केबल नीट बसल्यात का ते बघा. स्क्रीनवर रंगीत ठिपके-चौकोन दिसत असतील किंवा जड गेममध्ये पीसी सतत बंद पडत असेल, तर दुकानात जाच. पण जाताना "३० टक्केच चालतंय" असं म्हणू नका. दुकानदार ६० ची मर्यादा दाखवून दोन मिनिटांत तुम्हाला घरी पाठवेल. हे पाच आकडे असलेला व्हिडिओ घेऊन जा, मग त्याला उत्तर द्यावं लागेल.

आणि आपला अप्परचा पोरगा? त्यानं एल्डन रिंग लावला होता. ग्रुपवरच्या तिघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं, "भावा, गेम कुठला लावलायस?"